सूचक : श्रीमती रामकली

आमच्या झाशीच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक फार जाड नसतो, आणि त्यात लिहिणारी माणसंही ठरलेली असतात. यंदा संपादककाका घरी आले आणि म्हणाले, "तुझ्या संस्थेतल्या कामाबद्दल लिही. तू बोलत तर नाहीसच, निदान लिहून तरी सांग." नाही म्हणायला मला वेळ लागतो. तेवढ्यात त्यांचा चहा संपला आणि ते निघाले.

बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते, म्हणून आम्ही इथले. माझी शाळा इंग्रजी, गल्ली हिंदी, आणि मराठी जेवताना. त्यामुळे हा मजकूर आईनं वाचून सुधारला आहे. एका ठिकाणी ती म्हणाली, "हे कशाला सांगायचं लोकांना?" ते मी तसंच ठेवलं आहे.

माझं काम वाक्यं लिहिण्याचं. आमची संस्था छोटी आहे. गरौठा आणि बबीनाच्या बाजूच्या गावांत बायकांचे गट, पिण्याचं पाणी, साक्षरता असं काम चालतं. त्याला पैसा देणाऱ्या मोठ्या संस्था दिल्लीत किंवा त्याहून लांब असतात. गावात जे घडतं ते त्यांना पटेल अशा इंग्रजीत लिहायचं, आणि त्यांना जे हवं आहे ते गावात कळेल अशा हिंदीत सांगायचं. सात वर्षं मी हेच करते आहे. मला समोरासमोर बोलायचा संकोच वाटतो, पण कागदावर मी बऱ्यापैकी धीट आहे, असं माझं मत होतं.

बाहेरच्या लोकांना वाटतं, आम्ही गावोगाव फिरतो. बाकीचे फिरतात. मी तक्ते भरते. गेल्या काही वर्षांत या तक्त्यांत एक नवं पान आलं आहे. तुमच्या संस्थेचे निर्णय कोण घेतं? त्यात बायका किती? दलित, आदिवासी, अल्पसंख्य किती? प्रमुख कोण? प्रश्न अगदी योग्य आहेत. ते वाचून प्रत्येक संस्थेत पहिल्यांदा इकडेतिकडे पाहिलं गेलं असेल, आणि मग आमच्यासारखंच काहीतरी केलं गेलं असेल.

आमची प्रबंध समिती सात जणांची. तिवारीजी सचिव. संस्था त्यांनीच उभी केली. त्यांचे दोन जुने मित्र. तिवारीजींच्या पत्नी, ज्यांना आम्ही माताजी म्हणतो. तिवारीजींच्या भाभीजी. एक निवृत्त प्राचार्या. आणि रामकली जीजी. म्हणजे सातात चार बायका, त्यांतली एक दलित. हे वाक्य मी इंग्रजीत इतक्या वेळा आणि इतक्या तऱ्हांनी लिहिलं आहे की झोपेतही लिहीन. प्रत्येक वेळी थोडा अभिमानही वाटायचा.

रामकली जीजी गरौठ्याजवळच्या गावातल्या, अहिरवार या दलित जातीच्या मोहल्ल्यातल्या. वय पन्नाशीच्या पुढे. संस्थेच्या पहिल्या दिवसापासून त्या गावात काम करतात. सही करायला त्या आमच्याच साक्षरता वर्गात शिकल्या, आणि मग तो वर्ग त्याच चालवू लागल्या. कुठल्या गावात कोणाच्या ओट्यावर बसलं तर दुसऱ्या बाजूचे लोक येणार नाहीत, हे त्यांना विचारल्याशिवाय आमची जीप निघत नाही.

जीपवरून आठवलं. एकदा बबीनाच्या बाजूच्या गटाला भेटायला बाहेरचे पाहुणे आले होते. त्यांनी विचारलं, "तुमची नेता कोण?" मी हिंदीत सांगितलं. बायकांनी आपसांत पाहिलं आणि सगळ्यांनी आमच्या ड्रायव्हरकडे, मुन्ना भैयाकडे बोट दाखवलं. तो जीपला टेकून बिडी ओढत होता. त्यांचं चुकलं नव्हतं. कधी यायचं, कधी जायचं, आज किती वेळ बसायचं, हे सगळं त्यांच्या समोर तरी तोच ठरवायचा. "चलो, अँधेरा होने से पहले," तो म्हणाला की सभा संपायची. पाहुणे हसले. मी अहवालात लिहिलं की गटात सामूहिक नेतृत्व आहे.

आता रजिस्टरबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं.

नियमाप्रमाणे समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायला हवी आणि तिचा वृत्तांत कार्यवाही रजिस्टरमध्ये हवा. प्रत्यक्षात बैठक होत नसे. तिवारीजी मला खोलीत बोलावून काय ठरलं ते सांगत. मी ते वृत्तांताच्या भाषेत लिहीत असे: अमक्यांनी प्रस्ताव मांडला, तमक्यांनी अनुमोदन दिलं, सर्वानुमते मंजूर. मग मी रजिस्टर पिशवीत घालून सह्या गोळा करायला निघे. बैठकीची नोटीससुद्धा फाइलपुरतीच असायची. तिवारीजी वर्षाच्या सुरुवातीला कोऱ्या नोटिसांच्या गठ्ठ्यावर सह्या करून ठेवत आणि तो गठ्ठा माझ्या टेबलाच्या खणात असे. यात कोणाला काही गैर वाटत नव्हतं. मलाही नाही. उलट सूचक म्हणून कोणाचं नाव टाकायचं हे माझ्यावर सोडलेलं असे, आणि ज्यांचं नाव तक्त्यात शोभून दिसेल त्यांचं मी टाकत असे. म्हणून बऱ्याच ठिकाणी सूचक श्रीमती रामकली असत.

सह्यांच्या फेरीला प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. माताजी कणकेचा हात पुसून, न बघता सही करत. भाभीजी विचारत, "अबकी कहाँ करना है, ऊपर कि नीचे?" प्राचार्याबाई चष्मा लावून सगळं वाचत आणि माझ्या हिंदीतल्या मात्रा सुधारत. मजकुरावर मात्र कधी बोलत नसत. रामकली जीजींकडे जायला गुरसरायवरून बस धरावी लागे, अर्धा दिवस मोडे. त्या दर वेळी विचारत, "का लिखो है ईमें, बिन्नू?" त्या मला बिन्नूच म्हणतात, तिकडे घरच्या मुलीला तसं म्हणतात. मी दोन ओळींत सांगे. मला परतीची बस गाठायची असे. त्या "हओ" म्हणत आणि एकेक अक्षर कोरल्यासारखी सही करत.

आणखी एक गोष्ट. पहिली दोन-तीन वर्षं मी त्यांच्या घरी स्वतःची पाण्याची बाटली घेऊन जात असे. पोट नाजूक आहे, असं सांगत असे. झाशीत मी गाडीवरची पाणीपुरी खात होते. त्यांनी कधी काही म्हटलं नाही. आईनं हे काढायला सांगितलेलं नाही. ती जागा पुढे आहे.

गेल्या हिवाळ्यात एका मोठ्या निधीचा अर्ज आला. त्या निधीची अट स्पष्ट होती: संस्थेची प्रमुख स्त्री असावी, आणि ती ज्या लोकांसाठी काम चालतं त्यांच्यातली असल्यास उत्तम. तिवारीजींनी मला बोलावलं. त्यांच्याबद्दल गैरसमज नको. दुष्काळात ते सायकलवरून गावं फिरलेले आहेत, हातपंपासाठी तहसिलात दिवसदिवस बसलेले आहेत. मला वृत्तांत लिहायला त्यांनीच शिकवलं.

"बेटा," ते म्हणाले, "मैं अब अध्यक्ष बनके किनारे बैठूँगा. डायरेक्टर तुम बनो."

मी काहीच बोलले नाही. माझं गप्प राहणं त्यांना होकार वाटतं, आणि बहुतेक वेळा तो असतोच.

"महिला हो, अंग्रेज़ी है, लैपटॉप है. फॉर्म में एकदम फिट."

"रामकली जीजी?" मी विचारलं. एवढंच.

ते मायेनं हसले. "रामकली शेरनी है. पर शेरनी से ईमेल थोड़े ही लिखवाओगी?"

घरी आईनं शिरा केला. नागपूरच्या मावशीला फोन गेला. "झाशीतल्या आपल्या लोकांत पहिली डायरेक्टर," असं आई म्हणाली, आणि बाबांनी पेपर खाली ठेवला. मला आनंद झाला होता. रात्री अंथरुणात मी ते पद माझ्या नावापुढे लावून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी वृत्तांत लिहिला. माझ्याच नियुक्तीचा, माझ्याच अक्षरात. सूचक: श्रीमती रामकली. आणि शेजारी एक वाक्य घातलं, ज्याचं इंग्रजी मी अर्जासाठी आधीच तयार केलं होतं: 'श्रीमती रामकली म्हणाल्या की संस्थेला आता तरुण, सुशिक्षित स्त्री-नेतृत्वाची गरज आहे.'

ते रजिस्टर घेऊन मी गरौठ्याला गेले.

जीजी अंगणात हरभरा निवडत होत्या. "का लिखो है ईमें, बिन्नू?" मी सांगितलं की तिवारीजी अध्यक्ष होतील आणि नव्या प्रमुखाची नेमणूक आहे. त्यांनी हात झटकले. "बस तो आज बिगड़ी ठाड़ी है, मोड़ पे. टैम है तुमाए पास. पूरो बाँचो."

बस बंद पडली होती. वेळ होता. सात वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे कारण नव्हतं. मी पूर्ण वाचलं, मी घातलेल्या त्या वाक्यासकट.

हे आपण म्हटलं का, असं त्यांनी दाणे निवडता निवडता विचारलं. "जा मैंने कही?"

"जी."

"अच्छी कही." मग म्हणाल्या, "और पैलाँ के पन्नन में? ऊमें मैंने का-का कही?"

मी पानं मागे उलटत गेले. रामकली जीजींनी प्रशिक्षण केंद्र झाशीत ठेवण्यास पाठिंबा दिला होता. हे केंद्र गरौठ्यात हवं म्हणून त्यांनी माझ्यासमोर तीनदा सांगितलं होतं. त्यांनी जीपची खरेदी सुचवली होती. गावातली पिठाची गिरणी वरच्या जातींच्या मोहल्ल्यात बसवावी, असा प्रस्तावही त्यांचाच होता. ती जागा ठरल्याचं त्यांना गिरणी बसल्यावर कळलं होतं. मी वाचत होते आणि माझा आवाज लहान होत होता. सगळीकडे त्यांनी मांडलं होतं, पाठिंबा दिला होता, समाधान व्यक्त केलं होतं.

"मैंने कभऊँ नाहीं नईं करी?"

"नहीं." रजिस्टरात त्यांचा नकार एकदाही नव्हता.

"घर में तो रोजई करत हों," त्या म्हणाल्या. "आदमी सें, लरका सें, बहू सें. इतै एकऊ बेर नईं?"

मी रजिस्टर मिटलं. मग विचारलं, "जीजी, आप बनना चाहती हैं? डायरेक्टर?"

"मोसें काऊ ने पूछी?"

"मैं पूछ रही हूँ."

"तुम नईं, बिन्नू. बैठक पूछे. सब जनें बैठें, मोय देखें, फिर पूछें." त्यांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. सही केली नव्हती. बस दुरुस्त झाल्याचा निरोप आला तेव्हा त्यांनी माझ्या पिशवीत हिरव्या हरभऱ्याची जुडी घातली. रागावलेल्या माणसानं असं करू नये. मला रागच सोपा गेला असता.

ऑफिसात तिवारीजींनी कोरी जागा पाहिली आणि मान हलवली. "अनुपस्थित लिख दो. कोरम तो पूरा है. प्रस्तावक प्रिंसिपल मैडम को कर दो."

हे अगदी बरोबर होतं. सातांतल्या एकीनं सही केली नाही तर काहीही अडत नाही. मी ती ओळ लिहिली की मी संचालक. मी टेबलाशी येऊन बसले. भांडायला जावं असं वाटलं, पण मला भांडता येत नाही. मला नोटीस मात्र काढता येते. मी खण उघडला, तिवारीजींच्या सहीची एक कोरी नोटीस काढली आणि हिंदीत भरली. विषय: संस्थाप्रमुखाची निवड. ठिकाण: रामकलीजींच्या गावातलं साक्षरता केंद्र. वेळ: दुपारी एक, म्हणजे बसनं येणारे पोहोचतील आणि परततील. सातही जणांना पाठवली.

तिवारीजी संध्याकाळी नोटीस हातात धरून दारात आले. "ये बैठक किसने बुलाई, बेटा?"

"दस्तखत आपके हैं."

त्यांनी सहीकडे पाहिलं. मला वाटलं, नोकरी गेली. ते म्हणाले, "एक बजे? तो खाने का क्या?" आणि आपल्या खोलीत गेले. दार त्यांनी नेहमीपेक्षा जरा जोरात लावलं.

बैठकीला सहा जण आले. तिवारीजींच्या एका मित्राला खरोखर ताप होता. सगळे सतरंजीवर बसले. जीजींच्या सुनेनं चहा आणला. भाभीजींना नेमकं तेव्हा आठवलं की त्यांना चहानं पित्त होतं. जीजींनी माझ्याकडे पाहिलंही नाही, पण मी माझा कप दोन्ही हातांनी धरला होता. माताजींनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "ग्यारह साल से मेंबर हूँ. पहली मीटिंग है जिसमें चाय मैंने नहीं बनाई." तिवारीजीही हसले. तिथून वातावरण सैल झालं.

मग विषय निघाला. प्राचार्याबाईंनी चष्मा काढला. "रामकलीजी, आप यह काम करेंगी?"

"करहों."

"दिल्ली से फ़ोन आएगा," तिवारीजी म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता, काळजी होती. "सब अंग्रेज़ी में."

"तुमें आउत ती, जब शुरू करी?"

तिवारीजींना इंग्रजी येत नाही. वीस वर्षं त्यांची पत्रं कोणी ना कोणी लिहीत आलं आहे. माझ्याआधी दोघं जण होते. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण त्या दिवसापर्यंत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"चिट्ठी बिन्नू लिखहै," जीजी म्हणाल्या. "जैसें तुमाई लिखत ती."

मग त्यांनी मला विचारलं, सगळ्यांसमोर. "लिखहौ?" मी मान हलवली. हात वर झाले. माताजींचा पहिला, प्राचार्याबाईंचा दुसरा. जीजींनी स्वतःचा हात वर केला. स्वतःला मत द्यायचं नसतं असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि तसा नियमही नाही. तिवारीजींचा हात सर्वांत शेवटी आला, पण आला. भाभीजी आणि तो दुसरा मित्र विरोधात. मी नावासकट लिहिलं. आमच्या रजिस्टरात 'बहुमताने' हा शब्द पहिल्यांदाच आला.

इथं ही गोष्ट संपली असती तर बरं दिसलं असतं. अर्जाची मुलाखत लॅपटॉपवर झाली. दिल्लीच्या बाई सौजन्यानं बोलल्या. पुढच्या पाच वर्षांचं स्वप्न काय, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. मी हिंदीत सांगितलं. जीजी म्हणाल्या, "पाँच साल की तो नईं जानत. चैत तक की पूछो." मी ते जसंच्या तसं इंग्रजीत केलं. एरवी मी त्याचा एक छान परिच्छेद केला असता. महिन्याभरानं पत्र आलं. त्यांना आमच्या प्रवासाचं फार कौतुक वाटलं होतं, पण नेतृत्वाच्या क्षमतेविषयी शंका होती. नंतर फोनवर त्या मला मोकळेपणानं म्हणाल्या की प्रमुख तुम्ही असतात तर सोपं गेलं असतं.

निधी आला नाही. बबीनाचं केंद्र बंद करावं लागलं. तिथल्या दोघी कार्यकर्त्यांना हे सांगायला जीजी स्वतः गेल्या, मला पत्र लिहू दिलं नाही. त्यांतली एक आजही माझ्याशी बोलत नाही. तिवारीजी मंगळवारी ऑफिसात येतात, पेपर वाचतात. 'मी म्हटलं होतं' असं ते कधी म्हणाले नाहीत. एकदा फक्त पेपरामागून म्हणाले, "फॉर्म में तो शेरनी ही माँगी थी."

आता बैठक दर तीन महिन्यांनी खरोखर होते आणि फार लांबते. शेवटी मला सगळा वृत्तांत मोठ्यानं वाचावा लागतो. "जा मैंने नईं कही," असं कोणी म्हटलं की खोडावं लागतं. रजिस्टर आता पूर्वीसारखं देखणं दिसत नाही. गिरणी अजून वरच्या मोहल्ल्यातच आहे. तो विषय दर बैठकीत निघतो आणि भाभीजी दर बैठकीत विरोध करतात. चहा मात्र मागच्या वेळी त्यांनी अर्धा कप घेतला.

त्याच बैठकीनंतर मी बसची वाट पाहत होते. जीजी सोबत उभ्या होत्या. एकदम म्हणाल्या, "बिन्नू, तोय बुरओ लगो हतो? तोरी कुरसी गई, सो?"

"नहीं, जीजी," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या काखेतल्या रजिस्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कहबे में तो ठीक है. लिखियो तो साँची लिखियो."

बस आली. मी बसले.

आईनं जिथं पेन्सिलीनं खूण केली आहे ती जागा ही. लागलं होतं. अजूनही अधूनमधून लागतं.